अण्वस्त्रं युक्रेनची, किल्ली मॉस्कोची
"युक्रेनने अण्वस्त्रं सोडली नसती तर क्रिमिया रशियाच्या ताब्यात गेलाच नसता," असं एकांनी लिहिलंय. मला ते इतकं सरळ वाटत नाही.

सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर सुमारे १,९०० सामरिक (म्हणजे लांब पल्ल्याची) अण्वस्त्रं राहिली, हे खरं. पण ती डागायचे कोड मॉस्कोत. म्हणजे तिजोरी आपल्या घरात आणि किल्ली शेजाऱ्याकडे! नवी किल्ली घडवता आलीही असती, पण तेव्हाच्या युक्रेनमध्ये पैशाचीच बोंब होती. तरी युक्रेनने ती अण्वस्त्रं ठेवावीत असं अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जॉन मिअरशायमर यांनी १९९३ मध्येच लिहिलं होतं. त्यांची बाकीची मतं मला फारशी पटत नाहीत, ते असो.

खरी गोम ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट मेमोरँडममध्ये आहे, म्हणजे अण्वस्त्रं सोडण्याच्या बदल्यात युक्रेनला सुरक्षेचा शब्द देणाऱ्या कागदात. रशिया, अमेरिका, ब्रिटन तिघांनी सही केली, पण दिली ती मदतीला धावून यायची हमी नव्हे, नुसती आश्वासनं. (आश्वासन म्हणजे काय, हे मराठी मतदाराला वेगळं सांगायला नको.) अण्वस्त्रं वापरून हल्ला झाला किंवा तशी धमकी आली, तर दाद कुठे मागायची? संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत. तिथे नकाराधिकार कोणाकडे? रशियाकडेही!