कापेला : जागा, माणसं की बिनवाद्यांचं गाणं?

खर्ज :
हाइन्रिश श्युट्स (१५८५-१६७२) या जर्मन संगीतकारावरच्या एका लेखाचा अनुवाद तपासतोय. त्यात वाक्य आहे : 'श्युट्स हा ड्रेस्डेनच्या राजवाड्यातील प्रार्थनागृहाचा प्रमुख होता.' मूळ शब्द 'होफकापेलमाइस्टर'. वाचून मला थेट पुजारीच दिसला. 'कापेल'ला मराठीत काय म्हणावं?

मात्रावेलांटी :
पुजारी नव्हे. इथे कापेल म्हणजे इमारत नाही, माणसं. दरबारच्या पदरी असलेले गायक, वादक, ऑर्गन वाजवणारे, गाणारी पोरं, सगळे मिळून कापेल. चॅपेलात गाणाऱ्यांना चॅपेलचंच नाव चिकटलं. (लॅटिन 'कापेला' म्हणजे मुळात छोटा झगा. संत मार्टिनचा झगा जिथे जपला, ती जागा कापेला.) ड्रेस्डेनचं कापेल १५४८ सालचं. आज ते 'श्टाट्सकापेल' या नावाने चालू आहे आणि आता तो वाद्यवृंद आहे!
मी 'दरबारी गायक-वादकांचा ताफा' म्हणेन.

बडोदेकर :
ताफा म्हटलं की वाजंत्री आठवतात हो. गायकवाडांच्या दरबारात 'कलावंत कारखाना' होता. कारखाना म्हणजे खातं. श्युट्सचं कामही खातेप्रमुखाचंच : रचना करा, गायक मिळवा, मुलं शिकवा आणि कलावंतांचे पगार थकले की मालकाला अर्ज लिहा. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८-४८) ताफा इतका आटला की १६३६ च्या 'लहान पारमार्थिक कॉन्चेर्टां'मध्ये (म्हणजे वाद्यांच्या साथीने गायच्या रचनांमध्ये) त्याने एक ते पाच गायक आणि ऑर्गन एवढ्यावर भागवलं.

खर्ज :
'पारमार्थिक' कुठून काढलंत? अनुवादात 'धार्मिक' आहे.

बडोदेकर :
मूळ जर्मन नावात 'गाइस्टलिश' आहे. त्याच्या उलट 'वेल्टलिश', म्हणजे प्रापंचिक. प्रपंच-परमार्थ ही जोडी आपल्याकडे आयती पडली आहे. 'धार्मिक'ला आता दंगलींचाच वास येतो.

खर्ज :
मान्य. मग 'आ कापेला' म्हणजे वाद्यांविना, हे कसं?

मात्रावेलांटी :
तो अर्थ रूढ झाला एकोणिसाव्या शतकात. श्युट्सला लावलात की घोटाळा. 'डेव्हिडची स्तोत्रं' (१६१९) या संग्रहात दोन तऱ्हेचे गट आहेत : निवडक गायकांचे 'फावोरिटी' आणि भर घालणारे 'कापेला'. कापेला कशासाठी, तर भरदार आवाजासाठी आणि थाटासाठी, असं त्यानेच प्रस्तावनेत म्हटलंय. त्या ओळी ट्रॉम्बोन-कॉर्नेटवर वाजवल्या तरी चालत. म्हणजे पानावर 'कापेला' आणि गाणारा कोणीच नाही, असंही होऊ शकतं.
आणि १६४८ ची 'गाइस्टलिशे कोरम्युझिक' (पारमार्थिक वृंदगानाचा संग्रह), जी आज हमखास 'आ कापेला' म्हणून ऐकवतात, तिलाही ऑर्गनसाठी खर्जाची ओळ जोडलेली आहे. मात्र मुखपृष्ठावरच खुलासा : ही ओळ सल्ल्यावरून आणि मागणीवरून दिली, गरज म्हणून नव्हे. म्हातारा खमका होता.

मांडवीकाठ :
अवांतर : गोव्यात चर्चच्या गायकांना शिकवणारा तो 'मेस्त्रे'. पूर्ण पोर्तुगीज पदनाम 'मेस्त्रे द कापेला'. म्हणजे तुमचा कापेलमाइस्टरच की! आमच्याकडे कापेला गळाला, मास्तर तेवढा राहिला.

खर्ज :
'दरबारी कलावंत खात्याचा प्रमुख' असं केलंय, पहिल्या उल्लेखात मूळ शब्दासह. संपादकांनी 'खातं' कापलं तर मांडवीकाठांचा 'कापेलमास्तर' घुसवतो.