युनिसायकलचं पेडल सारखं सैल होतंय, शुक्रवारी रात्री निघायचंय. मदत हवी आहे

एकचाक्या
पेडल सैल होतंय. तीनदा आवळलं, दहा मिनिटांत पुन्हा डुगडुगतं. काल आरेत पडलो, पेडलच्या पिनांनी नडगी सोलली. शुक्रवारी रात्री पाचगणीला निघतोय, सहा जण. लवकर सांगा.

पाना_पक्कड
कुठलं पेडल? डावं की उजवं? चाक केवढं? क्रँक, म्हणजे पेडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा, ॲल्युमिनियमची का?

घाटवाट
पाचगणी हा काय डोंगर झाला का हो? जेमतेम तेराशे मीटर. युनिसायकल चालवायची तर लेहला जा. खारदुंगला खिंड, ५,६०२ मीटर! आयुष्यभर लक्षात राहील.

एकचाक्या
दोन्ही पेडलं. उजवीकडचं जास्त. चाक २४ इंची, जाड टायर. क्रँकचं माहीत नाही, चंदेरी आहे.
@घाटवाट, शनिवार-रविवारात लेह?

नेरळकर
लेह शहरच ३,५०० मीटरवर आहे. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, नाहीतर डोकं फुटतं. वीकेंड तिथेच संपला. आणि ५,६०२ हा पाटीवरचा आकडा. जीपीएसवर ५,३५९ च्या आसपास येतं.

घाटवाट
पाटी सरकारने लावलीय, तुमच्या मोबाईलने नाही.

सुमाताई
ही एकचाकी मुंबईत कुठे मिळते? मुलगी नऊ वर्षांची आहे, सर्कशीत बघितल्यापासून हट्ट धरून बसलीय. साइडची चाकं लावता येतात का?

आवळा_एकदाचं
एवढं काय त्यात! आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा नाहीतर थ्रेडलॉकरचे (आटे चिकटवून धरणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब टाका. माझ्या बाईकचा आरसा चार वर्षं हलला नाही.

पाना_पक्कड
आरसा गोल फिरत नाही हो. पेडल फिरतं.
एकचाक्या, हे कधीपासून होतंय? मधे काही काम केलं होतं का?

एकचाक्या
काम काही नाही. मागच्या रविवारी पंक्चर होतं, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून काढून घेतलं. त्याचा काय संबंध?

पाना_पक्कड
तोच तर संबंध!! पेडलच्या दांड्यावर, क्रँककडच्या टोकाला एक अक्षर कोरलेलं असतं, 'एल' किंवा 'आर'. सीटवर बसल्यावर तुझ्या उजव्या पायाखाली कुठलं येतं?

एकचाक्या
थांबा, बघतो.
'एल'.

पाना_पक्कड
पंक्चर काढताना चाक उलटं बसलंय. डाव्या पेडलचे आटे मुद्दाम उलटे असतात, म्हणजे पुढे जाताना दोन्ही पेडलं आपोआप आवळली जातात. तुझं चाक उलटं बसल्यामुळे तू जेवढा पुढे जातोयस तेवढी तीच सुटतायत. साध्या सायकलला चेन असते म्हणून ही चूक होतच नाही, एकचाकीला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. दोन्ही बेअरिंगच्या कॅप उघड, चाक फिरवून बसव. कॅप फार पिळू नकोस, बेअरिंग दाबलं जाईल.

कर्जत_राइडर
कॅपला हात कशाला लावायचा? सीटची क्लँप ढिली करून सीटच उलटी फिरव. एका मिनिटाचं काम.

पाना_पक्कड
मग फ्रेम उलटी झाली की.

कर्जत_राइडर
फ्रेमला पुढचं-मागचं कळतं का? ब्रेक नसेल तर काहीच फरक पडत नाही.

नेरळकर
ब्रेक नाही?! एकचाक्या, डिस्क ब्रेक आहे की नाही ते सांगा आधी. यात फ्रीव्हील नसतं, म्हणजे चाक फिरलं की पेडलंही फिरतातच, उतारावर सगळा जोर गुडघ्यांवर येतो. टेबल लँडचं पठार सपाट आहे, पण वर-खाली कशाने करणार? जांभ्यावर पडलात तर कालची नडगी बरी वाटेल. शिवाय तिथे घोडे असतात, एकचाकी बघून बिथरले तर?

एकचाक्या
ब्रेक नाही. उतार चालत उतरू. घोड्यांचा विचारच केला नव्हता. क्रँक १२५ मिलीमीटरची आहे, आत्ता मोजली.

नेरळकर
डोंगराला १५० हवी. जोर कमी लागतो, ताबा राहतो.

घाटवाट
लेहला घोडे नाहीत.

नेरळकर
आहेत.

एकचाक्या
चाक फिरवलं. डावं पेडल मस्त आवळलं. उजवं आत जाताना शेवटी किर्र करतं आणि फिरतच राहतं. पान्यावर चंदेरी भुसा आलाय.

पाना_पक्कड
त्या क्रँकचे आटे गेले. सैल पेडलवर चालवत राहिलास त्याने. क्रँक बदल. दोन्ही १५० च्याच घे, जोडी लागते. हबचा (चाकाच्या मधल्या भागाचा) प्रकार आधी बघ, चौकोनी दांडा की दातेरी, नाहीतर बसणार नाही.

आवळा_एकदाचं
आता तरी टेफ्लॉन टेप लावून बघा.

एकचाक्या
दातेरी आहे. आज बुधवार, शुक्रवारपर्यंत मुंबईत कुणाकडे जोडी पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, घरी येऊन घेतो. नाही मिळाली तर मी पाचगणीत बाकीच्यांचे फोटो काढतो.

सुमाताई
साइडच्या चाकांचं कुणी सांगितलंच नाही.