फॅन बेल्टला भेगा नाहीत, तरी बदलावा का?

प्रश्न (रत्नागिरी): माझी डिझेल गाडी ७०,००० किलोमीटर चालली आहे. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताच बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि थोड्या वेळाने थांबतो. बेल्टवर एकही भेग नसताना मेकॅनिक तो बदलायला सांगत आहेत. ते योग्य आहे का?

उत्तर (चिपळूण): भेगा पाहण्याचा निकष जुन्या निओप्रीन रबराच्या बेल्टसाठी ठीक होता. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा तडकत नाहीत, तर टायरसारखे झिजतात. त्यांच्या खाचा रुंद होत जातात आणि शेवटी बेल्ट पुलीच्या खोबणीत तळाला टेकून घसरू लागतो. साधारण ६०,००० ते १,००,००० किलोमीटरदरम्यान तो बदलतात, मात्र गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा.

उत्तर (मालवण): बेल्ट बदलण्याआधी चालू इंजिनवर, हात व कपडे दूर ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी फवारावे. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबला तर पुल्या एका रेषेत नसाव्यात. खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीच्या पुलीवर गंजाचे खरखरीत पापुद्रे धरतात आणि ते नवा बेल्टही कुरतडतात, म्हणून टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) व पुल्या न तपासता नुसता बेल्ट बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

प्रश्नकर्ता: टायमिंग बेल्टही (इंजिनातील व्हॉल्व्ह व पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा) त्याच वेळी बदलावा का?

उत्तर (चिपळूण): आपल्या इंजिनात बेल्ट आहे की चेन, हे आधी पाहावे. बेल्ट असल्यास किलोमीटर किंवा वर्षे, जी मर्यादा आधी येईल ती पाळावी, कारण तो तुटल्यास अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.