डीप फ्रीजरमध्ये कोणाचं काय पडलंय तेच माहीत नाही, सुरुवात कुठून करू?

मृण्मयी_मायक्रो
नमस्कार, दोन महिन्यांपूर्वी एका कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये जॉइन झालेय. मायनस ८० अंशाच्या फ्रीजरमध्ये कधीच पास होऊन गेलेल्या पीएचडीवाल्यांचे डबे तसेच पडलेत, लेबलची शाई उडालीय, काहींवर नुसतं "एस ३ नवीन". चावी दाराशेजारी खिळ्यालाच लटकलेली. स्ट्रेनची (साठवलेल्या जंतूंच्या प्रकारांची) यादी गूगल शीटवर आहे आणि तिची लिंक कोणाकोणाकडे गेलीय देव जाणे, त्यात पेशंटची नावंपण आहेत कारण काही आयसोलेट, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातून वेगळे काढलेले जंतू, हॉस्पिटलमधून आलेत. सर म्हणतात आपल्याकडे एवढं काय आहे चोरण्यासारखं. मला मात्र हे पटत नाहीये.

पेट्रीप्लेट
सरांना अमेरिकेतल्या बेथेस्डाचं सांगा. जुलै २०१४, एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या आवारातली एफडीएची (अन्न-औषध नियामक संस्थेची) लॅब हलवायची म्हणून आवराआवर चाललेली, तर कोल्ड रूममध्ये एक खोका निघाला आणि त्यात देवीच्या विषाणूच्या ६ कुप्या, १९५० च्या दशकातल्या! जगात देवीचा साठा ठेवायला परवानगी दोनच ठिकाणी, अटलांटाची सीडीसी ही अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था आणि रशियात कोल्त्सोवोची लॅब. तपासलं तर २ कुप्यांतला विषाणू जिवंत. आता मला सांगा, मधल्या काळात एखादी कुपी कोणी उचलून नेली असती तर कळलं असतं का? यादीतच नव्हती ती.

कमिटीवाली_ताई
मृण्मयी, घाईने काही फेकू नकोस आणि अनोळखी कुपी उघडून, वाढवून तर अजिबात बघू नकोस. आधी तुमच्या संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीला (जंतूंच्या सुरक्षित हाताळणीवर देखरेख करणाऱ्या समितीला) लेखी कळव. मग दोघी मिळून एकेक रॅक काढा, डबे ड्राय आइसवर (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर) ठेवून, त्याचा वायू साठू नये म्हणून खोली हवेशीर असू दे, आणि कुठल्या रॅकला कुठला डबा, किती कुप्या, लेबलवर जेवढं वाचता येतं तेवढं जसंच्या तसं लिहा, अंदाजाने नाव टाकू नका. जुन्या विद्यार्थ्यांना फोन लाव, त्यांच्या नोंदवह्या काढ, निम्मं कोडं तिथेच सुटतं. ज्याला वालीच नाही ते कमिटीने हो म्हटल्यावर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारायचे, आणि रजिस्टरला दोघींच्या सह्या.

रात्रपाळी
फक्त बाहेरच्या चोराचा विचार करू नका. २००१ ला अमेरिकेत अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पूड घातलेली पत्रं आली, ५ जण गेले, १७ आजारी पडले, आणि एफबीआयचा संशय शेवटी लष्कराच्याच लॅबमधल्या शास्त्रज्ञावर आला, खटला उभा राहायच्या आधीच तो वारला. म्हणून फ्रीजर कोणी, कधी, कशासाठी उघडला ही नोंद हवीच, ओळखीचा माणूस असला तरी. आणि ती शीट आजच बंद करा. नमुन्याला कोड द्या, कोड कोणत्या पेशंटचा ती फाइल वेगळी, पासवर्डमध्ये, दोघांकडेच. सोडून जाणाऱ्याचा ॲक्सेस त्याच दिवशी काढायचा.

मृण्मयी_मायक्रो
खूप आभार सगळ्यांचे. शीटचं शेअरिंग बंद केलं, लिंक २३ जणांकडे होती. बेथेस्डाचं ऐकल्यावर सरांनी स्वतःहून चावी खिळ्यावरून काढून कपाटात ठेवली, सोमवारी कमिटीला पत्र जातंय. ताई, ज्या डब्यांवर लेबलच नाही त्यांना आत्ता तात्पुरता नंबर चिकटवू की कमिटी येईपर्यंत हातच लावू नको?

कमिटीवाली_ताई
थांब. दाराला "उघडू नये" लिहून कुलूप घाल, नंबर मोजणीच्या दिवशीच.