मदत हवी आहे: बोहाड्याची सोंगं नाट्यगृहात आणताना संबळावर क्यू (उजेड कधी बदलायचा याच्या खुणा) कसे लावायचे?

नमस्कार मंडळी,

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरची वारली, कोकणा आणि कातकरी पोरं मिळून दीड तासाचं नाटक बसवताहेत. विषय त्यांच्या दारातला आहे: मध्य वैतरणा धरण त्यांच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आया-बहिणी हंडे घेऊन डोंगर उतरतात. ही गोष्ट बोहाड्याच्या सोंगांमधून सांगायची असं त्यांनी ठरवलंय. संवाद, गाणी, दिग्दर्शन सगळं त्यांचंच. माझ्याकडे रंगमंच व्यवस्थापन आहे. राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं बॅकस्टेज केल्यामुळे विंगा, लेव्हल, डिमर, तिसरी घंटा यांची सवय आहे. इथे मात्र ती सवय पुरत नाही, म्हणून विचारतोय.

ज्यांनी बोहाडा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. शिमग्यानंतर, पावसाळ्याआधी जव्हार-मोखाडा आणि नाशिकच्या पेठ-सुरगाणा पट्ट्यात रात्र रात्र हा मुखवटे घालून नाचण्याचा उत्सव चालतो. आधी गणपती, शारदा, मग एकेक सोंग टेंभ्यांच्या उजेडात नाचत येतं आणि परत जातं. शेवटी पहाटेकडे देवी आणि महिषासुराचं युद्ध. पुढे संबळ आणि पिपाणी. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, तिचा ताल वेगळा.

अडचण तालापासूनच सुरू होते. संबळवाले काका सोंगाच्या पायांकडे बघून वाजवतात आणि सोंग संबळ ऐकून नाचतं. रावणाची फेरी एका तालमीत तीन मिनिटांत संपते, दुसऱ्या तालमीत सात मिनिटं चालते, आणि दोन्ही वेळा ती बरोबरच असते. माझ्या प्रॉम्प्ट बुकात (सगळे क्यू लिहिलेल्या वहीत) तिथे काय लिहू? लाइट्सवाला प्रेक्षागृहाच्या मागे कन्सोलवर बसणार. त्याला आकडा हवा असतो किंवा शेवटचं वाक्य. इथे वाक्यच नाही. काकांना 'अमुक वेळेत संपवा' असं सांगायची माझी तयारी नाही. तसं केलं तर नाटकाचा प्राणच जाईल.

दुसरं मुखवट्यांचं. गावातले जुने मुखवटे लाकडी आणि जड आहेत. आधी डोक्याला फडकं गच्च गुंडाळतात, त्यावर मुखवटा बसवून दोरीने मागे आवळतात. घालणाऱ्याला बारीक फटीतून समोरचं जेमतेम हातभर दिसतं. गावात दोन्ही बाजूंनी माणसं असतात, जमीन सपाट असते. नाट्यगृहात रंगमंचाची कड आहे, विंगेत केबली आहेत आणि ब्लॅकआउट आहे. शिवाय हे मुखवटे पूजेतले. ते प्रॉपर्टीच्या टेबलावर चहाच्या कपांशेजारी ठेवता येणार नाहीत. देवीचं सोंग घेणारा त्या दिवशी उपास धरतो, त्याला मेकअप रूमच्या गर्दीत कसं बसवायचं?

टेंभे आत पेटवता येणार नाहीत हे उघड आहे. त्यांचा हलता उजेड कशाने आणावा?

आणि तारीख. प्रयोग भरवणाऱ्या शहरातल्या संस्थेला जानेवारी हवाय. दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातो, ती माणसं शिमग्याला परततात. जानेवारीत प्रयोग म्हणजे ज्यांचं नाटक तेच गैरहजर. आवणीत, म्हणजे भातलावणीत, तर कोणालाच वेळ नसतो. संस्थेला हे कसं पटवावं?

ज्यांनी आदिवासी किंवा लोककलावंतांसोबत काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १
दादा, दंडार या विदर्भातल्या लोकनाट्याच्या मंडळांसोबत बॅकस्टेज केलंय, त्यावरून सांगते. बुकात मिनिटं लिहूच नका, घडणारी गोष्ट लिहा: 'रावण मध्यावर येऊन पाठ फिरवतो', 'संबळ दुणीत (दुप्पट लयीत) जातो', 'पिपाणी थांबते'. संबळ विंगेत लपवू नका. रंगमंचावरच उजव्या कोपऱ्यात बसवा, म्हणजे काकांना पाय दिसतील आणि लाइट्सवाल्याला काकांचे हात. सोंग आत येताना उजेड सावकाश चढू द्या, लांब फेडमध्ये दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. पूर्ण ब्लॅकआउट काढूनच टाका.

गावात सोंगांचा क्रम लावणारा, 'आता तू नीघ' सांगणारा कोणीतरी माणूस असेलच. त्याला हेडसेट देऊन तुमच्या शेजारी उभा करा. क्यू त्याने म्हणायचा, तुम्ही फक्त पुढे कळवायचा. मुखवट्यांसाठी वेगळी खोली मागून घ्या, तिथे चपला बाहेर. आणि पूजेतले मुखवटे शहरात न्यायचे की नाही हे गावालाच ठरवू द्या. जव्हार भागात कागदाच्या लगद्याचे मुखवटे बनवणारे कारागीर आहेत. ते हलके असतात, डोळ्यांची भोकं जरा मोठी करून मिळतील.

प्रतिसाद २
तारखेबद्दल: संस्थेशी एकट्याने बोलू नका, पाड्यावरच्या चौघांना सोबत न्या. पहिला प्रयोग शिमग्यानंतर गावात आणि दुसरा एप्रिलमध्ये शहरात, असं मांडून बघा. भट्टीवरची मजुरी बुडवून कोणी तालमीला येणार असेल तर तिची भरपाई अंदाजपत्रकात आधीच धरा. प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल, संहिता वेळेत द्या. बोलीतले संवाद असतील तर सोबत प्रमाण मराठीत अर्थ जोडलेला बरा.

धागाकर्ता
ताई, मनापासून आभार. क्रम लावणारे आजोबा आहेत, सत्तरीच्या पुढचे, सगळी सोंगं तोंडपाठ. हेडसेट कानाला लावतील की नाही माहीत नाही, पण शेजारी नक्की उभे राहतील. ते मान हलवतील आणि मी क्यू देईन, रविवारच्या तालमीत असंच करून बघतो. मुखवट्यांचा विषय गावच्या बैठकीत ठेवलाय.

टेंभ्यांचं अजून अडलंय. काठीच्या टोकाला बॅटरीवरचा पिवळा दिवा बांधून पोरांच्याच हातात द्यावा असं डोक्यात आहे, म्हणजे उजेड सोंगाबरोबर चालेल. असे दिवे कोणी वापरलेत का? दीड तास बॅटरी टिकते का, आणि ठाणे-कल्याणकडे भाड्याने कुठे मिळतील?