डिसेंबरात जन्मलेल्या सुनेसाठी कोणता खडा घ्यावा?

वर्धाकाठ

नमस्कार. आम्ही आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगा आणि सून पुण्याला नोकरी करतात. नाताळच्या सुट्टीत ते गावी येणार असून सुनेचा वाढदिवसही त्याच आठवड्यात येतो. लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच वाढदिवस असल्यामुळे, सोयाबीनचे पैसे हाती आहेत तोवर तिच्यासाठी एक अंगठी करावी, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. तिच्या जन्ममहिन्याचा खडा त्या अंगठीत असावा, असा मुलाचा आग्रह आहे.

तालुक्याच्या सराफाने डिसेंबरचा खडा म्हणून नीलम दाखवला, तेव्हा माझ्या सासूबाईंनी तिथल्या तिथे नकार दिला. नीलम शनीचा असतो, तो आधी उशाशी ठेवून पाहावा लागतो आणि पत्रिका न दाखवता कुणाच्या बोटात घालू नये, असे त्यांचे ठाम मत आहे. दुसऱ्या दुकानदाराने ‘जरकन घ्या, तोच डिसेंबरचा’ असे सांगून पांढरेशुभ्र चमकणारे खडे पुढे ठेवले. त्यांची किंमत मात्र इतकी कमी होती की शंका आली. मुलाने फोनवर टांझानाइट हे तिसरेच नाव कळवले. सोने सोडून नुसत्या खड्यासाठी 15,000 रुपयांपर्यंत खर्च करण्याची आमची तयारी आहे. सून स्वयंपाक करते, गावी आली की शेतातही येते, त्यामुळे वस्तू टिकली पाहिजे. जाणकारांनी कृपया सांगावे.

इतवारीचा जडाईवाला

ताई, राशीचा खडा आणि महिन्याचा खडा या दोन अगदी वेगळ्या रीती आहेत आणि तुमच्या सराफाने त्यांची सरमिसळ केलेली दिसते. आपली नवरत्ने ग्रहांना बांधलेली आहेत. महिन्यांची यादी मात्र अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने 1912 साली ठरवली आणि पुढे व्यापाराच्या सोयीने तिच्यात भर पडत गेली. त्या यादीत नीलम सप्टेंबरचा आहे. डिसेंबरसाठी आधी पिरोजा होता, 1952 मध्ये झिरकॉन आला आणि 2002 मध्ये टांझानाइट. या तिघांपैकी एकही नवरत्नांत मोडत नाही, त्यामुळे आजींच्या आक्षेपाला इथे जागाच उरत नाही.

आता जरकनाविषयी. या नावाखाली बाजारात दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. खरा झिरकॉन खाणीतून निघतो आणि रसायनाच्या भाषेत तो झिर्कोनियम सिलिकेट असतो. तुम्हाला दाखवलेले पांढरे खडे बहुधा कारखान्यात तयार होणाऱ्या क्युबिक झिर्कोनियाचे, म्हणजे आपण ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतो त्याचे असावेत. त्या किमतीचे कारण तेच. तो खडा वाईट नाही, पण डिसेंबरचा नाही. दोघांमधला फरक दहापट भिंगातून पाहता येतो. खऱ्या झिरकॉनमध्ये प्रकाशकिरण दुभंगतो, त्यामुळे वरच्या बाजूने आत पाहिले असता मागच्या पैलूंच्या कडा जोडीजोडीने दिसतात. एका दिशेने हे दिसत नाही, म्हणून खडा थोडा कलता करून पाहावा. अमेरिकन डायमंडमध्ये कोणत्याही बाजूने पाहिले तरी कड एकेरीच राहते.

रंगात निळा झिरकॉन मला सर्वांत देखणा वाटतो. मूळचा तपकिरी खडा, बहुतेक कंबोडियातला, तापवून तो रंग आणलेला असतो आणि व्यापारात ही प्रक्रिया मान्य आहे. मात्र हा खडा ठिसूळ आहे. एकाच पुडीत सुटे खडे घासले गेले तरी त्यांच्या पैलूंच्या कडा झिजतात, म्हणून आम्ही प्रत्येक झिरकॉन वेगळ्या पुडीत ठेवतो. विकत घेताना कडा आधी तपासाव्यात, रंग नंतर.

टांझानाइट अंगठीसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टांझानियातल्या आरुषाजवळच्या मेरेलानी टेकड्यांत 1967 साली सापडलेला हा खडा भट्टीत तापवल्यावर निळा-जांभळा होतो आणि दिसतो सुरेख. पण त्याची कठीणता 10 पर्यंतच्या मोहस् मापावर 6 ते 7 इतकीच आहे, शिवाय तो एका दिशेने सहज चिरतो. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात आणि क्वार्ट्झची कठीणता 7 आहे. नुसती धूळ पुसतानाही मऊ खड्यावर ओरखडे उठतात ते यामुळेच. त्यातून गरम कढईजवळचा हात लगेच गार पाण्यात गेला तर टांझानाइट तडकण्याचीही भीती असते.

माझे ऐकाल तर अंगठीऐवजी कानातले करा आणि त्यांत निळा झिरकॉन बसवा. अंगठीच हवी असेल तर निळा पुष्कराज, म्हणजे ब्लू टोपाझ, पाहा. त्याची कठीणता 8 आहे आणि काही जवाहिरे तो डिसेंबरसाठीही देतात.

दर्यापूरची लेक

काकू, पिरोज्याचा मोह होत असेल तर थोडे सांगते. माझ्या आईची चांदीत मढवलेली पिरोज्याची अंगठी आहे. आजोळाहून आली तेव्हा ती आभाळासारखी निळी होती, असे आई सांगते. आज ती शेवाळी हिरवट दिसते. हा खडा सच्छिद्र असतो, त्यामुळे तेल, साबण, अत्तर, घाम असे सगळे शोषून घेतो. ज्या हातांनी कणीक मळायची आणि डोक्याला तेल लावायचे, त्या हातांत तो निळा राहत नाही. गळ्यातल्या पदकात मात्र पुष्कळ टिकतो.

जत्रेत आणि प्रदर्शनांत पिरोजा म्हणून मिळणारे बहुतेक मणी हाउलाइट नावाचा पांढरा दगड रंगवून केलेले असतात. मण्याच्या भोकाजवळ निरखून पाहिले की आतला पांढरा दगड उघडा पडलेला दिसतो. मला अशीच एक माळ विकणाऱ्या माणसाने वर ‘इराणी माल’ म्हणून शपथ घेतली होती.

भंडाऱ्याची माती

जडाईवाल्या भाऊंचे झिरकॉनबद्दलचे विवेचन उत्तम आहे, परंतु ब्लू टोपाझचा सल्ला मला पटला नाही. बाजारातला जवळजवळ सगळा निळा टोपाझ मुळात रंगहीन असतो आणि किरणोत्सर्गाचा मारा करून, मग तापवून तो निळा केलेला असतो. तो वापरायला सुरक्षित आहे आणि स्वस्तही आहे, हे खरे. पण ताईंचा मुलगा महिन्याच्या खड्याचा आग्रह धरतो आहे, आणि महिन्यांच्या त्या यादीत डिसेंबरसाठी नसलेला, रंगही बाहेरून दिलेला खडा घेऊन तो आग्रह कसा पुरा होणार? ज्याच्या कडा शाबूत आहेत असा झिरकॉन चहूबाजूंनी सोन्याच्या पट्टीत बसवून घेतला तर अंगठीतही चालू शकेल.

विषय निघालाच आहे म्हणून जानेवारीच्या गार्नेटविषयीही लिहितो, कारण तो आपल्या पायाखाली आहे. तुमसरकडच्या मॅंगनीजच्या पट्ट्यात गोंडाइट नावाचा खडक मिळतो. फर्मोर या भूवैज्ञानिकाने गोंड लोकांवरून त्याला हे नाव दिले. तो प्रामुख्याने क्वार्ट्झ आणि स्पेसार्टिन या जातीच्या गार्नेटचा बनलेला असतो. खाणीबाहेरच्या ढिगातला तुकडा उन्हात फिरवला की त्यातले दाणे तांबूस-पिवळे चमकतात. ते इतके बारीक असतात की दागिन्याच्या कामाचे नाहीत, पण विद्यार्थ्यांना दाखवायला मला त्याहून चांगला नमुना ठाऊक नाही. नागपूरजवळच्या माहुरझरीला तर प्राचीन काळी अकीक, कार्नेलियन अशा दगडांचे मणी घडवण्याचे मोठे केंद्र होते. विदर्भाला खड्यांचे काम नवे नाही. नवी आहे ती महिन्यांची यादी.

वर्धाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवले. झिरकॉन नवरत्नांत नाही हे ऐकून त्या राजी झाल्या. मुलाशी बोलून कानातल्यांवर एकमत झाले आहे. खडे घेताना आणि घडवायला देताना काय सांभाळावे, एवढे भाऊंनी सांगावे.

इतवारीचा जडाईवाला

भंडाऱ्याच्या सरांचा पट्टीच्या बैठकीचा मुद्दा मान्य आहे. कानातल्यांनाही तीच बैठक करून घ्या, नख्यांची नको. दोन्ही खडे सुटे असतानाच रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला मागा आणि त्यावर ‘नॅचरल झिरकॉन’ असे शब्द आहेत का ते पाहा. सोन्यावरचा हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेची हमी देतो, खड्याची नाही. वजन कॅरेटमध्ये लिहून घ्या. 1 कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम. रत्तीच्या भावात अडकू नका, कारण तोळ्याच्या हिशेबातली रत्ती सुमारे 121 मिलिग्रॅमची असते, तर खड्यांच्या बाजारात ती 180 मिलिग्रॅमच्या जवळपास धरतात, आणि कोणती रत्ती धरली हे बिलावर सहसा लिहिलेले नसते.

घडणावळीच्या वेळी कारागिराला एवढेच बजावा की झाळण्याचे सगळे काम आधी उरकावे आणि खडे शेवटी बसवावेत, कारण तापवून आणलेला निळा रंग पुन्हा आच लागल्यास बदलू शकतो. दागिना तयार झाल्यावर एकूण वजनातून खड्यांचे वजन वजा करूनच सोन्याचा भाव लावला आहे ना, हे बिलावर तपासा. झिरकॉन वजनाला भारी असतो. तो सोन्याच्या भावात मोजला गेला तर फटका चांगलाच बसतो.