चवथीची साठ पानं: विकत घ्यायचं की घासायचं?

फोंडेकरीण
यंदा गणेशचवथीच्या दुसऱ्या दिवशी, पंचमीला, आमच्या घरी साठ पानं उठली आणि कचऱ्याच्या गाडीत घालण्यासारखं काहीच उरलं नाही. परसातल्या केळीची वीस पानं निघाली, बाकीच्यांना देवळातली स्टीलची ताटं आणली. त्यावरून माझं ठाम मत झालंय, ते सरळ मांडते. 'पर्यावरणपूरक' असं लिहिलेली वस्तू विकत आणणं हा उपायच नव्हे. घरात, देवळात, परसात जे आहे ते आधी वापरा.

हे मत कुठून आलं तेही सांगते. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या-पेले आणि मखराचं थर्माकोल देशभर बंद झालं. मग गेल्या वर्षी आम्ही कागदी पत्रावळी आणल्या. कागद म्हणजे माती होणार, हा भरवसा. जेवणं झाल्यावर सगळ्या परसातल्या खताच्या खड्ड्यात टाकल्या. शिमग्याच्या सुमारास खत काढायला गेले तर फावड्याला काहीतरी गुंडाळून येऊ लागलं. कागद केव्हाच कुजला होता. उरला होता तो वरचा चकचकीत थर, सापाच्या कातीसारखा पातळ, गोल, काठाच्या चुण्यांसकट. आमटी गळू नये म्हणून कागदावर प्लास्टिकचा थर चढवतात, हे मला तेव्हा कळलं. त्या काती मी एकेक करून हाताने वेचल्या. वांग्याच्या वाफ्यात अजूनही तुकडे सापडतात.

मधली सून, डिचोली
ताई, वाचून वाईट वाटलं. पण एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही. ती ताटं घासली कोणी?

आमच्या मूळ घरी चवथीला पाच भावांची बिऱ्हाडं एकत्र येतात. पहाटे चारला चूल पेटते. पातोळ्या, खतखतं, मुगागाठी, सगळं सोवळ्यात. पुरुषांची पंगत, मुलांची पंगत, मग आमची, ती साडेतीनला. आणि मग न्हाणीजवळ काथ्या घेऊन बसायचं. बाहेर घुमट, म्हणजे मातीचं कातडी वाद्य, वाजतंय, आरती चाललीय, आणि आमच्या कानांवर नुसता ताटांचा आवाज. ज्या वर्षी घरात पत्रावळी आल्या त्या वर्षी मी लग्नानंतर पहिल्यांदा आरतीला उभी राहिले. अकरा वर्षांनी.

'जुनं ते वापरा' म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझा हाच प्रश्न आहे. जुन्या पद्धतीत कचरा नव्हता हे खरं. पण ती पद्धत कोणाच्या कंबरेवर उभी होती तेही सांगा. मातीची काळजी मलाही आहे, पण तिचा भार दरवेळी आमच्याच वाट्याला का?

फोंडेकरीण
तुमचं बोलणं लागलं, आणि लागायलाच हवं होतं. यंदा आमच्याकडे ताटं पुरुषांनी घासली. हे मी आधीच लिहायला हवं होतं. ते आपोआप झालं नाही. आठ दिवस आधी मी जेवताना विषय काढला, दोघांनी मानाही फिरवल्या. शेवटी माझा मुलगा आणि धाकटा दीर विहिरीपाशी बसले, पाऊण तासात उरकलं. ताटं घासायला बाई लागते असं थोडंच आहे? माणूस लागतो.

पण पत्रावळीमुळे तुम्हाला आरती मिळाली, म्हणून पत्रावळ बरी, हे मला पटत नाही. तुमचे श्रम वाचले, त्याचा हिशोब माझ्या वाफ्याने भरला.

पत्रावळीवाला, म्हापसा
माझं दुकानच या मालाचं आहे, त्यामुळे 'विकत घेणं हा उपायच नव्हे' याला मी उत्तर देणारच. फोंड्याच्या ताईंनी चुकीची वस्तू घेतली आणि दोष खरेदीला दिला.

पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, कुळागरात (पोफळीच्या बागेत) आपोआप गळते. ती धुवायची, गरम साच्यात दाबायची, झालं ताट. ना गोंद, ना थर. ती त्या खड्ड्यात टाकली असती तर शिमग्याला फावड्याला काही लागलं नसतं. सत्तरी, सांगे, काणकोण भागात कुळागरं आहेत. कुजून जाणाऱ्या विरीला चार पैसे मिळाले तर ते आपल्याच माणसाच्या हाती जातात. महाग पडतात, कबूल. म्हणून गिऱ्हाईक हात लावून बघतं आणि कागदी घेऊन जातं.

पारख सोपी आहे. कागदी पत्रावळ कोपऱ्यात फाडा आणि तुकडा गरम पाण्यात भिजत ठेवा. पापुद्रा सुटून वर आला तर ते प्लास्टिक. आणि 'कंपोस्टेबल' पिशव्यांबद्दलही सांगून ठेवतो, कारण लोक फसतात. त्यातल्या बहुतेक पिशव्यांना साठ अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती मोठ्या प्रकल्पात मिळते, परसातल्या खड्ड्यात नाही. मी हे गिऱ्हाइकाला सांगतो. त्यात माझी विक्री जाते, तरी सांगतो.

पणजीतला अभियंता
भावनेपेक्षा आकडा बघावा असं माझं मत. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या सुती पिशवीने निव्वळ हवामानावरच्या परिणामात प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायची तर ती किमान ५२ वेळा वापरावी लागते. सेंद्रिय कापसाची असेल तर १४९ वेळा. आणि आपण काय करतो? प्रत्येक समारंभात छापील कापडी पिशवी वाटतो, ती कपाटात पडून राहते.

आमच्या गेटला आईने जुन्या साडीची पिशवी टांगलेली असते. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत येतो, पिशवीत पाव टाकून पुढे जातो. नऊ वर्षं तीच पिशवी, बंद दोनदा बदलले. तिच्यावर कुठेही 'इको' लिहिलेलं नाही. त्यामुळे मी फोंड्याच्या ताईंच्या बाजूचा. नवी हिरवी वस्तू घेतली की पहिल्या दिवशी आपण कर्जातच असतो, ते फिटतं वापरून.

काणकोणचा मास्तर
त्या अभ्यासात गटारात अडकलेली पिशवी धरलेली नाही, गुराच्या पोटातली तर नाहीच. आपल्याकडे पहिल्या पावसात गटार तुंबतं ते कशाने, हे आकड्याशिवायही दिसतं.

पण माझा विरोध तुम्हा सगळ्यांनाच आहे. घरातल्या घरात ताट की पत्रावळ म्हणून भांडण, आणि कचरा येतो कुठून? २०११ च्या जनगणनेत गोव्याची वस्ती साडेचौदा लाख. वर्षाला पर्यटक येतात एक कोटीच्या आसपास. साळगावचा कचरा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे, तरी २०१९ साली मडगावजवळच्या सोनसोड्यावरच्या कचऱ्याच्या जुन्या ढिगाला आग लागली तेव्हा धूर मडगावकरांनीच गिळला. चिप्सच्या पाकिटासारखं जे पुन्हा वापरात येत नाही ते आपण कर्नाटकातल्या सिमेंटच्या भट्ट्यांत जाळायला पाठवतो. हे पाकीट बनवणाऱ्याला कोण विचारणार?

लहानपणी रिकामी बाटली परत दिल्याशिवाय दुकानदार सोड्याची दुसरी बाटली देत नसे. बाटली कधी रस्त्यावर पडलेली दिसली नाही, कारण तिला किंमत होती. गोवा सरकारने २०२४ साली ठेव-परतावा योजना अधिसूचित केली ती याच तत्त्वावर: वस्तूवर ठेव द्यायची, रिकामं वेष्टन परत केलं की ठेव परत. तिच्या कडक अंमलबजावणीसाठी ग्रामसभेत उभे राहा. साठ ताटं घासून किनारा साफ होणार नाही.

फोंडेकरीण
मास्तर, ग्रामसभेत मी उभी राहीनच. पण ज्या काती मी वेचल्या त्या पर्यटकाने टाकल्या नव्हत्या. आमच्या घरच्या होत्या. कंपनीला जाब विचारायचा तो विचारू, तोवर वांगी त्याच वाफ्यात लावायची आहेत.

पणजीतला अभियंता
आणि मास्तर, ठेव योजनेतही बाटली परत न्यायची कोणी तरी घरातूनच ना?

मधली सून, डिचोली
सगळं वाचलं, घरातही वाचून दाखवलं. माझं मत बदललेलं नाही. घासण्याचा निर्णय घासणाऱ्याला विचारूनच व्हायला हवा. पण कागदी पत्रावळ पुन्हा आणणार नाही. त्या काती डोळ्यांसमोरून जात नाहीत. पुढल्या चवथीला ताटं विरीची, घरखर्चातून नाही, पाच भावांनी वर्गणी काढून. वाट्या-पेले स्टीलचे, ते कोण घासणार ते दिवाळीला सगळे जमतील तेव्हा नावानिशी ठरेल. आणि आरतीच्या वेळी न्हाणीजवळ कोणीही बसणार नाही, हे मी आजच सांगून टाकलं आहे. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या उठल्या आणि घुमटाला नवं कातडं लावायचं आहे म्हणाल्या.